माद्रिदमध्ये चांगलं गास्पाचो हवंय? मग या चुका टाळा

माद्रिदला येणारे आपले बरेच पाहुणे गास्पाचो, म्हणजे कच्च्या टोमॅटोचं थंड सूप, मागतात आणि "काही खास नाही" म्हणून मोकळे होतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण दोष त्या पदार्थाचा नसतो. भलत्या महिन्यात, भलत्या वेळी, भलत्याच चौकात बसून ते मागितलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हिवाळ्यात मागवणं. पिकलेले टोमॅटो, काकडी, तिखट नसलेली लांब हिरवी मिरची, लसूण, भिजवलेला शिळा पाव, ऑलिव्ह तेल, शेरी या वाइनचं व्हिनेगर, मीठ. सगळं कच्चंच वाटायचं. फोडणी नाही, शिजवणं नाही, त्यामुळे टोमॅटो बेचव असेल तर तो झाकायला काहीच उरत नाही. जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत खावं. थंडीत दक्षिणेकडच्या आल्मेरियाच्या हरितगृहांतला टोमॅटो येतो, दिसायला सुरेख असतो, पण उन्हात पिकलेल्या टोमॅटोची चव त्याला नाही.

एका डिसेंबरात पुण्याहून मावसभाऊ आणि वहिनी आले होते. मी म्हटलं, "दादा, आत्ता नको, जुलैत या, मी स्वतः घेऊन जाते." दादा म्हणाले, "आलोय तर खाऊनच जाऊ." प्लाझा मायोर या पर्यटकांच्या चौकात कमानींखाली बसलो. वाडग्यात आलं ते लालभडक, पातळ आणि वर बर्फाचे खडे. वहिनी म्हणाल्या, "हे तर गार झालेलं टोमॅटोचं सार!" दादांनी ते गरम करून मागितलं. वेटरने निमूटपणे करून आणलं. तेल वर तरंगत होतं, कच्च्या काकडीला उकडलेला वास येत होता. दोन्ही वाडगे तसेच राहिले. दादा अजून फोनवर गास्पाचोला नावं ठेवतात, आणि घाई त्यांची होती हे मी दर वेळी त्यांना सांगते.

तो लालभडक रंग पाहूनच सावध व्हायला हवं होतं. भरपूर तेल टोमॅटोत नीट घुसळलं गेलं की रंग नारिंगीकडे झुकतो. गडद लाल दिसलं की मी समजते, तेल घालताना हात आखडलाय किंवा डब्यातला टोमॅटो वापरलाय. शेजारच्या टेबलावरचा वाडगा आधी बघायचा आणि मगच मागवायचं, ही माझी सवय.

दुसरी चूक जागेची आणि वेळेची. फोनवर रेटिंगचे तारे मोजत ग्रान व्हिया या हमरस्त्यावर फिरू नका. क्वात्रो कामिनोसला माराविल्यास बाजाराच्या आसपास किंवा चांबेरीच्या गल्ल्यांत जा. वस्तीतल्या साध्या खाणावळीबाहेर फळ्यावर खडूने 'मेनू देल दिया' लिहिलेला असतो: दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं ठरलेल्या किमतीत. उन्हाळ्यात पहिल्या पदार्थांत गास्पाचो असतंच असतं. रोजच्या गिऱ्हाइकांसाठी केलेलं असल्यामुळे तिथे फसवाफसवी चालत नाही. पण हा मेनू मुख्यतः आठवड्याच्या कामाच्या दिवशी आणि दुपारीच. इथली माणसं दोननंतर जेवतात. बाराला भूक लागली म्हणून जे उघडं दिसेल तिथे शिरणाऱ्यांना पर्यटकांसाठीचंच मिळणार. थोडा दम धरा.

शाकाहारींनी साल्मोरेखोची गल्लत करू नये. ते कोर्दोबाचं, पाव जास्त असलेलं दाट भावंड, आणि त्यावर उकडलेलं अंडं आणि हामोन, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, पेरलेले असतात. "सिन हामोन" (हामोनशिवाय) असं मागवतानाच सांगा. आल्यावर तुकडे वेचत बसणं हा काही उपाय नाही. गास्पाचोवर घालायचे भाज्यांचे, पावाचे तुकडेही वेगळ्या बशीत मागा, कारण काही ठिकाणी त्यातही हामोन असतं.

'गास्पाचो मांचेगो' लिहिलेलं दिसलं तर ते सशाच्या किंवा शिकारीच्या मांसाचं गरम कालवण आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

बर्फ नको म्हणून सांगा, चव पातळ होते.

खोक्यातलं घेणार असाल तर सुपरमार्केटच्या थंड कपाटातलं घ्या आणि घटकांची यादी वाचा. सूर्यफुलाचं तेल दिसलं तर परत ठेवा. 'विर्खेन एक्स्त्रा' (एक्स्ट्रा व्हर्जिन) ऑलिव्ह तेलाचं असेल तर न्या, खोकं चांगलं हलवा आणि उघडल्यावर लवकर संपवा.