क्वेरीच्या निकालातील दुबार ओळी कशा काढाव्यात

ठाण्यात नौपाड्यातील एका वाचनालयाच्या वार्षिक सभेची सूचनापत्रे पाठवायची होती. वर्षभरात ज्यांनी पुस्तके नेली, त्यांचे पत्ते डेटाबेसमधून काढून मी छपाईला लावले, तेव्हा गोखले रस्त्यावर राहणाऱ्या एकाच आजींच्या नावाच्या १४ चिकटपट्ट्या प्रिंटरमधून बाहेर आल्या. आजींची नोंद सभासदांच्या टेबलात एकदाच होती. पुस्तके मात्र त्यांनी १४ वेळा नेली होती. पुढील विवेचनात मुख्यतः याच वाचनालयाची दोन टेबले घेतली आहेत, ‘सभासद’ आणि प्रत्येक वेळी नेलेल्या पुस्तकाची नोंद असलेले ‘देवघेव’. क्वेरी म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल या भाषेत विचारलेला प्रश्न. आज्ञा वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत व इंग्रजी अंकांत लिहाव्यात.

आधी दुबार ओळींचे मूळ शोधावे

दुबार ओळी दोन कारणांनी दिसतात. एक तर टेबलातच तीच नोंद दोनदा भरलेली असते, किंवा टेबल स्वच्छ असूनही दुसऱ्या टेबलाशी केलेल्या जॉइनमुळे, म्हणजे जोडणीमुळे, ओळी वाढतात. पहिल्याचा उपाय साफसफाई हा आहे आणि दुसऱ्याचा उपाय क्वेरी नीट लिहिणे हा; म्हणून प्रथम जॉइन न करता केवळ मूळ टेबलावर मोजणी करावी.

सिलेक्ट नाव, मोबाइल, काउंट(*)
फ्रॉम सभासद
ग्रुप बाय नाव, मोबाइल
हॅविंग काउंट(*) > १

या क्वेरीतून काहीच आले नाही, तर नाव आणि मोबाइल तंतोतंत जुळणारी नोंद टेबलात दोनदा नाही आणि संशयाची सुई जॉइनकडे वळवावी.

डिस्टिंक्ट कोठे वापरावे

वाचनालयाचे सभासद कोणकोणत्या विभागांत राहतात एवढेच हवे असेल, तर पुढील एक ओळ पुरते आणि नौपाडा, कोपरी, कळवा अशी नावे एकेकदाच मिळतात.

सिलेक्ट डिस्टिंक्ट विभाग फ्रॉम सभासद

येथे बहुतेक नवशिक्यांची एक गफलत होते. डिस्टिंक्ट हा शब्द त्याच्यापुढील पहिल्या रकान्याला लागू होत नाही, तो निवडलेल्या संपूर्ण ओळीला लागू होतो. नावासोबत पुस्तक नेल्याची तारीखही मागितली, की प्रत्येक तारीख वेगळी असल्याने आजी पुन्हा १४ वेळा हजर होतात. ‘डिस्टिंक्ट(नाव), तारीख’ असे कंसात लिहूनही काही फरक पडत नाही. तो कंस केवळ शोभेचा ठरतो.

रिकाम्या, म्हणजे नल असलेल्या रकान्यांबाबतही सावध असावे. डिस्टिंक्ट सर्व नल एकसारखे मानून त्यांची एकच ओळ देते, परंतु काउंट(डिस्टिंक्ट विभाग) मात्र नल मोजतच नाही. त्यामुळे यादीत पाच ओळी आणि मोजणीत चार, असा हिशोब दिसला तर गोंधळून जाऊ नये.

जॉइनने वाढलेल्या ओळी

सूचनापत्रांसाठी मला देवघेवीच्या टेबलातील एकही रकाना छापायचा नव्हता. सभासदाने पुस्तक नेले आहे की नाही, एवढेच तपासायचे होते. अशा वेळी जॉइन करून वाढलेल्या ओळी डिस्टिंक्टने झाकण्यापेक्षा एक्झिस्ट्स वापरावे.

सिलेक्ट नाव, पत्ता फ्रॉम सभासद स
व्हेअर एक्झिस्ट्स
(सिलेक्ट १ फ्रॉम देवघेव द
व्हेअर द.सभासद_क्रमांक = स.सभासद_क्रमांक)

येथे ‘स’ आणि ‘द’ ही टेबलांची लघुनावे आहेत. वर्षाची अट आतल्या व्हेअरमध्येच ‘अँड’ लावून जोडावी. येथे ओळी वाढतच नाहीत, म्हणून काढाव्याही लागत नाहीत. डिस्टिंक्टने येथेही बहुधा तोच निकाल मिळाला असता, पण एकाच पत्त्यावर राहणारे आणि एकच नाव असलेले आजोबा व नातू असतील, तर डिस्टिंक्टने त्यांतील एकाला गिळले असते.

पैशांच्या बेरजेत हीच चूक महागात पडते. समजा, एका सभासदाने वर्गणीचे ३०० रुपयांचे दोन हप्ते भरले आणि १४ पुस्तके नेली. वर्गणी व देवघेव ही दोन्ही टेबले सभासदाला एकदम जोडली, तर २८ ओळी तयार होतात आणि बेरीज ८,४०० रुपये येते. ती पाहून घाबरून सम(डिस्टिंक्ट रक्कम), म्हणजे वेगवेगळ्या रकमांचीच बेरीज, असे लिहिले, तर उत्तर ३०० येते, कारण दोन्ही हप्त्यांची रक्कम सारखी आहे. खरे उत्तर ६०० आहे आणि ते मिळवण्यासाठी वर्गणीची बेरीज आतल्या क्वेरीत सभासदनिहाय आधी करून मगच जॉइन करावा. माझ्या मते सम आणि डिस्टिंक्ट शेजारी दिसले, की ती क्वेरी पुन्हा तपासायला घ्यावी.

प्रत्येकाची एकच, पण नेमकी ओळ हवी असल्यास

प्रत्येक सभासदाने शेवटचे पुस्तक कधी नेले, एवढेच हवे असेल तर ग्रुप बाय आणि मॅक्स(तारीख) पुरेसे आहे. त्या पुस्तकाचे नावही हवे असेल, तर मॅक्स(पुस्तक) लिहू नये. तारीख एका ओळीची आणि नाव भलत्याच ओळीचे येऊ शकते. त्याऐवजी रो नंबर वापरावा. तो प्रत्येक सभासदाच्या ओळींना सर्वांत अलीकडच्या तारखेपासून १, २, ३ असे क्रमांक देतो; ‘डेस्क’ म्हणजे उतरता क्रम.

रो_नंबर() ओव्हर (पार्टिशन बाय सभासद_क्रमांक ऑर्डर बाय तारीख डेस्क, देवघेव_क्रमांक डेस्क)

हा क्रमांक आतल्या क्वेरीत काढून बाहेरच्या क्वेरीत १ क्रमांकाच्याच ओळी ठेवाव्यात. क्रमवारीत शेवटी देवघेव क्रमांक ठेवल्याने एकाच दिवशी दोन पुस्तके नेली असली, तरी निकाल दर वेळी तोच राहतो. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ही सोय ८.० आवृत्तीपासून आहे. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीत याच कामासाठी ‘डिस्टिंक्ट ऑन’ ही आटोपशीर रचनाही मिळते.

दिसायला सारखे, साठवणीत वेगळे

डेटाबेसला अक्षरे कळतात, गाव कळत नाही. ‘नेरूळ’ आणि ‘नेरुळ’, ‘कोपरखैरणे’ आणि ‘कोपर खैरणे’ ही त्याच्या लेखी चार वेगळी ठिकाणे आहेत. शब्दाच्या कडेच्या मोकळ्या जागा ट्रिमने काढता येतात, पण ऱ्हस्व-दीर्घाचे भेद मिटवण्यासाठी प्रमाण नावांचे स्वतंत्र टेबल करून जुनी नावे त्याला जोडणे हाच खात्रीचा मार्ग आहे. याहून फसवा प्रकार ‘कऱ्हाडे’सारख्या आडनावांत आढळतो. त्यातील ‘ऱ’ हे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातील अक्षरांच्या प्रमाण संकेतात, एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) अशा दोन चिन्हांनी साठवता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात आणि यादीत कऱ्हाडे दोनदा येतात. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १३व्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या नॉर्मलाइझ या फंक्शनने दोन्ही रूपे एकसारखी करून मग तुलना करावी.

टेबलातील खऱ्या दुबार नोंदी

टेबलातच दुबार नोंदी सापडल्या, तर थेट डिलीट चालवू नये. टेबलाची प्रत काढून ठेवावी, ट्रान्झॅक्शन (पक्के करेपर्यंत मागे घेता येणारे बदल) सुरू करावे आणि प्रत्येक जोडीतील कोणता सभासद क्रमांक ठेवायचा ते ठरवावे. त्यानंतर, काढून टाकायच्या क्रमांकावर नोंदलेली देवघेव आणि वर्गणी ठेवायच्या क्रमांकावर वळवावी. ही पायरी गाळली, तर डेटाबेस एक तर नोंद काढू देत नाही, किंवा टेबलांची रचना तशी असेल तर सभासदाचा इतिहासही नोंदीबरोबर पुसला जातो. मगच जास्तीची नोंद काढावी, वरची मोजणीची क्वेरी पुन्हा चालवावी आणि निकाल रिकामा आल्यावर कमिट करावे, म्हणजे बदल पक्के करावेत.

पुन्हा दुबार नोंद होऊ नये म्हणून युनिक बंधन, म्हणजे तीच नोंद पुन्हा भरू न देणारा नियम, घालावे, पण ते कोणत्या रकान्यावर घालायचे याचा विचार करावा. आमच्या वाचनालयात ते प्रथम मोबाइलवर घातले गेले आणि दुसऱ्याच दिवशी पतीच्या मोबाइलवर नाव नोंदवायला आलेल्या एका काकूंना संगणकाने परत पाठवले. आता ते नाव, जन्मतारीख आणि मोबाइल या तिन्हींवर मिळून आहे. या तिन्हींपैकी एखादा रकाना नल राहिला, तर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल नेहमीच्या मांडणीत ती नोंद दुबार धरत नाहीत. म्हणून तिन्ही रकाने नॉट नल, म्हणजे रिकामे ठेवता न येणारे, केले आहेत आणि जन्मतारखेशिवाय अर्ज स्वीकारला जात नाही.