काटा हलत नाही म्हणून व्यायाम सोडताय? या चुका टाळा

तीन आठवडे घाम गाळला आणि वजन उलट अर्धा किलो वाढलं! बरेच जण इथेच बूट कपाटात ठेवून देतात. घाई करू नका. काट्याला फक्त एकूण भार कळतो. त्यात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती हे तो सांगत नाही. व्यायाम नव्याने सुरू केला की स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे ऊर्जेसाठी साठवलेली साखर, जास्त साठू लागतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी राहतं. अंग दुखत असेल तर स्नायूंना थोडी सूजही असते. हे वाढलेलं वजन चरबीचं नव्हे.

म्हणून सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी बघा. सोबत टेप घ्या. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा साधा हिशेब.

चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे तळपायातून सौम्य वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतात. तुम्ही पाणी किती प्यायलात, नुकता व्यायाम केलात का, यावर आकडा डोलतो. सकाळी २४ आणि संध्याकाळी २२ दिसलं म्हणून पेढे वाटू नका.

बीएमआयवरही, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्यावरही, सगळी भिस्त नको. १८३० च्या दशकात बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी हे गणित लोकसमूहाचा अभ्यास करताना मांडलं. पिळदार पैलवान आणि सुटलेल्या पोटाचा माणूस, दोघांचा बीएमआय सारखाच येऊ शकतो.

मला सगळ्यात जास्त खटकते ती चूक वेगळीच: खाणं एकदम तोडायचं आणि नुसतं चालत सुटायचं. वजन उतरतं खरं, पण चरबीबरोबर स्नायूही जातात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. हा दुसरा भाग हमखास गाळला जातो. बैठका, जोर, डंबेल, काहीही चालेल. उचलायचं वजन किंवा आवर्तनं मात्र हळूहळू वाढवत न्या. जेवणात प्रथिनं हवीतच.

पोट कमी करायला पोटाचेच व्यायाम? पोटाचे स्नायू बळकट होतील, पण चरबी कुठली आधी वितळायची हे शरीर ठरवतं.

आता हिशेब. अर्धा तास झपझप चालण्यात ढोबळमानाने १५० कॅलरी खर्च होतात, आणि एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. खाणं तेवढंच ठेवून रोज चाललात तरी किलोभर चरबीला पन्नासेक दिवस लागणार. तोवर दम मात्र वाढलेला असतो. जिना चढताना धाप कमी लागते, सकाळची नाडी संथ होते. वजन तसंच असलं तरी हा फायदा खराच.

दोन महिन्यांनीही कंबर, दम, ताकद यातलं काहीच बदललं नसेल, तर आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून काढा, चहातली साखरसुद्धा. त्यातही काही सापडलं नाही आणि थकवा वाटत असेल, तर डॉक्टरांकडून थायरॉइड तपासून घ्या.