पणजीत रो हाऊस भाड्याने घेण्यापूर्वीची तयारी

मिरामार, करंझाळे किंवा दोनापावला परिसरात रो हाऊस भाड्याने घेण्याचे ठरले, की पहिली तयारी घर पाहण्याच्या वेळेची करावी. डिसेंबरच्या कोरड्या हवेत, नुकताच रंग दिलेले येथील कोणतेही घर चांगलेच दिसते. त्याची खरी परीक्षा जुलैत होते. म्हणून शक्य असल्यास घर पावसाळ्यात पाहावे. ते जमणार नसेल, तर कपाटे भिंतीपासून सरकवून मागे ओल, बुरशी किंवा वाळवीची माती दिसते का ते पाहावे, आणि शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीवर विशेष लक्ष द्यावे. कारण शेजाऱ्याच्या गच्चीवर साचलेले पाणी पुष्कळदा याच भिंतीतून आपल्याकडे झिरपते आणि दुरुस्ती मात्र आपल्या मालकाच्या हातात नसते.

समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने लोखंड लवकर गंजते. खिडक्यांचे गज, फाटकाच्या बिजागऱ्या, गच्चीवरील एसीचे बाहेरचे यंत्र आणि विजेच्या मीटरची पेटी दिवसाउजेडी तपासावी, आणि जे गंजलेले आढळेल त्याची छायाचित्रे तारखेसह मालकाला पाठवून ठेवावीत. घर सोडताना अनामत रकमेवरून होणारे बहुतेक वाद या छायाचित्रांनीच मिटतात. गाडी लावण्याच्या जागेवर माड असेल, तर नारळ कोण आणि कधी पाडून घेणार हेही विचारून घ्यावे. हा प्रश्न ऐकून हसणाऱ्याने गाडीची फुटलेली काच पाहिलेली नसते.

पाण्याची टाकी किती लिटरची आहे आणि घरातील माणसांना ती किती दिवस पुरेल, याचा हिशेब आधीच मांडावा. पणजीचे पाणी फोंडा तालुक्यातील ओपा प्रकल्पातून येते. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपार येथे मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा राजधानीचे नळ काही दिवस कोरडे पडले होते, त्यामुळे केवळ ‘नळाला चोवीस तास पाणी असते’ या उत्तरावर समाधान मानू नये. वीज आणि पाण्याची मागील बिले भरलेली आहेत का, हेही त्याच वेळी पाहावे.

कागदपत्रांना मात्र सवड काढून बसावे. गोव्यात आजही कुटुंबविषयक बाबींना १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा आधार आहे आणि लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. म्हणून करारावर दोघांच्याही सह्या घेणे हिताचे. वडिलोपार्जित घराचे हिस्सेदार अनेकदा मुंबईपासून लिस्बनपर्यंत विखुरलेले असतात, तेव्हा समोर बसलेल्या काकांना घर भाड्याने देण्याचा अधिकार कोणत्या मुखत्यारपत्राने मिळाला आहे, हे नम्रपणे पण नक्की विचारावे. ताळगावसारख्या पंचायत भागात एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या ताब्याची सरकारी नोंद, आणि शहराच्या हद्दीत नगर भूमापनाची नोंद, त्यासोबत चालू वर्षाची घरपट्टीची पावती, एवढे पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. मालक परदेशस्थ असल्यास भाड्यातून प्राप्तिकर कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. निवासी मालकाच्या बाबतीतही मासिक भाडे ५०,००० रुपयांपेक्षा अधिक असेल तर कर कापावा लागतो. दोन्ही प्रसंगी सनदी लेखापालाचा सल्ला आधीच घ्यावा.

१९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे बंधनकारक असल्याने अकरा महिन्यांचा करार रूढ झाला आहे. त्यात नूतनीकरणाची अट, भाडेवाढीचे प्रमाण आणि गळती झाल्यास किती दिवसांत दुरुस्ती होईल, हे स्पष्ट लिहून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे कलम नाताळाचे. पर्यटकांकडून मिळणाऱ्या भाड्याच्या मोहाने ऐन डिसेंबरात घर रिकामे करून मागणारे मालक किनारपट्टीत असतात. तेव्हा मालकानेही मुदतीपूर्वी करार मोडू नये असे त्यात नमूद असावे आणि करार शक्यतो फेब्रुवारी-मार्चनंतर संपेल अशी तारीख निवडावी. सह्या झाल्यावर भाडेकरू पडताळणीचा अर्ज ओळखपत्रांच्या प्रतींसह स्थानिक पोलीस ठाण्यात दाखल झाल्याची पोच मालकाकडून मागून घ्यावी आणि त्यानंतरच सामानाचा टेम्पो सांगावा.