चौथ्या आठवड्याचा आकडा: बिंज इटिंगच्या उपचाराचा अंदाज कसा बांधावा

अंदाज बांधायला बसण्याआधी कागदावर लिहा: अंदाज नेमका कशाचा? बिंज (ताबा सुटून थोड्या वेळात खूप खाणं) थांबण्याचा, वजन उतरण्याचा की मनःस्थिती सुधारण्याचा? या तिन्ही गोष्टी बरोबरीने चालत नाहीत. सीबीटीच्या (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराच्या) चाचण्यांत उपचार संपताना साधारण निम्म्या लोकांचं बिंज पूर्ण थांबलेलं दिसतं, पण वजन सरासरीने फारसं हलत नाही. ज्यांचं बिंज थांबतं त्यांचं थोडं जास्त उतरतं, इतकंच. रुग्ण येतो वजनासाठी, काउन्सेलर मोजतो बिंज. सहा महिन्यांनी एक म्हणतो फरक पडला, दुसरा म्हणतो काहीच नाही. म्हणून तीन वेगळे रकाने आखा आणि प्रत्येकात तपासता येईल असं वाक्य लिहा: ‘२० आठवड्यांनंतरच्या सलग २८ दिवसांत एकही बिंज नाही’, ‘वजनात ५ टक्के घट’, ‘पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) चा आकडा १० च्या खाली’.

पहिल्या भेटीत काय मोजायचं

डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) प्रमाणे निदानासाठी आठवड्याला किमान एक बिंज, तेही तीन महिने, हवं. आठवड्याला १ ते ३ सौम्य, ४ ते ७ मध्यम, ८ ते १३ तीव्र आणि १४ किंवा जास्त म्हणजे अतितीव्र. मोजायला सोपं वाटतं, पण घोळ इथेच होतो. ताटात किती वाढलं होतं हे रुग्ण सांगतो. रात्री ओट्याशी उभं राहून फरसाणाच्या डब्यातून गेलेलं सांगत नाही. म्हणून प्रमाण नंतर विचारा. आधी विचारा, ‘थांबायचं ठरवूनही हात थांबला नाही, असं कोणत्या दिवशी झालं?’ ताबा सुटणं हा बिंजचा गाभा आहे. लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त खाणं बिंज नव्हे. मग कॅलेंडर पुढ्यात ठेवून आजपासून मागे २८ दिवस चालत जा. ईडीई-क्यू ही २८ प्रश्नांची प्रश्नावली याच मुदतीवर बेतलेली आहे. बिंज इटिंग स्केलमध्ये १६ प्रश्न असतात आणि २७ किंवा जास्त गुण तीव्र मानले जातात; मात्र त्यावरून निदान करू नका, ती फक्त चाळणी आहे.

आपल्याकडे उपवासाची चौकशी वेगळी करावी लागते. एकादशीचा उपवास हा व्रताचा भाग असेल तर तो बिंजची भरपाई करण्याचा प्रयत्न नव्हे. पण ‘काल रात्री खूप खाल्लं म्हणून आज काही नाही’ असा उपवास वारंवार होत असेल, तर उलट्या आणि जुलाबाच्या औषधांबद्दलही स्पष्ट विचारा. चित्र बुलिमियाकडे (बिंजनंतर उलट्या, जुलाब किंवा उपवासाने भरपाई करण्याच्या विकाराकडे) झुकत असेल तर इथले अंदाज त्या रुग्णाला लावू नयेत.

बीएमआयसाठी भारतीय मर्यादा वापरा: २३ च्या वर जादा वजन, २५ च्या वर स्थूलता, कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमी. मधुमेह-रक्तदाबाच्या जोखमीसाठी हे हवंच. बिंज थांबेल का, हे मात्र बीएमआय, वय किंवा शिक्षण यांवरून सहसा कळत नाही.

त्यापेक्षा उपयोगी ठरतो तो वजन आणि बांध्यावरून स्वतःची किंमत ठरवण्याचा कल. ईडीई-क्यूमधल्या याविषयीच्या दोन प्रश्नांना ० ते ६ पैकी ४ किंवा जास्त उत्तर आलं, तर अंदाज एक पायरी खाली आणा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत २०५ जणांवर तीन उपचार पडताळले गेले: सीबीटीवर आधारित मार्गदर्शित स्वयंसाहाय्य, नातेसंबंधांवर भर देणारी आयपीटी आणि वजन घटवण्याचा वर्तन-कार्यक्रम. दोन वर्षांनी बिंज थांबवण्यात वर्तन-कार्यक्रम मागे पडला होता. बहुतेकांना स्वयंसाहाय्य पुरलं. पण स्वतःबद्दलचं मत हलकं आणि खाण्याविषयीची विकृत धारणा जास्त असलेल्यांना आयपीटीसारखा पूर्ण उपचार द्यावा असा निष्कर्ष निघाला. म्हणजे पहिल्या दिवसाचा कागद ‘बरा होईल का’ यापेक्षा ‘काय द्यावं’ हे जास्त नीट सांगतो.

औषधांची यादी तारखांसह घ्या. ओलान्झापिन, क्लोझापिन, व्हॅलप्रोएट किंवा मिर्टाझापिन यांसारखं मानसोपचाराचं औषध सुरू झाल्यावर वजन चढलं असेल, तर वजनाच्या रकान्यातला अंदाज त्या औषधाला धरूनच मांडावा लागेल. औषध परस्पर बंद करायला सांगू नये, मानसोपचारतज्ज्ञाला कळवा. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न शून्याखेरीज काहीही दाखवत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आत्महत्येच्या विचारांबद्दल त्याच बैठकीत बोला.

खरा अंदाज चौथ्या आठवड्यात

संशोधनात वारंवार टिकलेला निर्देशक एकच: लवकर प्रतिसाद. चौथ्या आठवड्यापर्यंत बिंज किमान ६५ टक्क्यांनी कमी झालं तर शेवटचा निकाल चांगला लागण्याची शक्यता वाढते. काही अभ्यासांनी ही रेषा ७० टक्क्यांवर ओढली आहे. हिशेब असा: सुरुवातीच्या २८ दिवसांत बिंजचे २० एपिसोड, म्हणजे आठवड्याला ५. त्याच्या ३५ टक्के होतात १.७५. चौथ्या आठवड्यात १ एपिसोड असेल तर प्रतिसाद आला, २ असतील तर नाही. सुरुवातच आठवड्याला दोनने झाली असेल तर एका एपिसोडने टक्केवारी उड्या मारते. तिथे तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्याची सरासरी धरा.

प्रतिसाद आला नाही म्हणजे काय, हे उपचारावर ठरतं. सीबीटीत उशिराने सुधारणारे बरेच असतात, तिथे धीर धरणं रास्त. वजन घटवण्याच्या वर्तन-कार्यक्रमात मात्र चौथ्या आठवड्यापर्यंत बिंज हललं नाही, तर बिंज आणि वजन दोन्हींचे निकाल पुढे कमजोर येतात. त्या रुग्णाला आणखी चार महिने तोच आहारतक्ता देण्यात अर्थ नाही, उपचार बदला. वजनाचंही असंच आहे. टाइप २ मधुमेह असलेल्यांवरच्या अमेरिकेतल्या ‘लुक अहेड’ चाचणीत पहिल्या महिन्यात २ टक्केही वजन न उतरलेले लोक वर्षानुवर्षं मागे राहिले. ९० किलोच्या माणसासाठी हे १.८ किलो. काटा तोच, वेळ सकाळची. पाळी आणि मीठ यांनीच किलोभर इकडेतिकडे होतं.

आकडा फसवतो तो असा. चौथा आठवडा दिवाळीत किंवा गणपतीत आला तर फराळाने किंवा पाहुण्यांच्या गर्दीने तो वर-खाली होतो. पुढचा साधा आठवडा घ्या. रुग्णाने लाजेपोटी डायरी सोडली तर ते रिकामे दिवस शून्य धरू नका. बरेचदा सर्वांत वाईट दिवसच कोरे असतात. मध्येच येणं थांबवलेल्यांना हिशेबातून वगळलं तर तुमचे निकाल आहेत त्यापेक्षा छान दिसतील.

वजन घटवण्यासाठी पोट लहान करणाऱ्या बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेत कोष्टक थोडं फिरवा. आधीच्या बिंजवरून नंतरच्या वजनाचा अंदाज कधी लागतो, कधी नाही. शस्त्रक्रियेनंतर ताबा सुटून खाणं सुरू झालं तर तो जास्त भरवशाचा इशारा. पोट लहान असल्याने प्रमाण थोडंच दिसतं, म्हणून तिथे फक्त ताब्याबद्दल विचारा.

मशीन लर्निंगचा (आकड्यांतून संगणकाकरवी अंदाज काढण्याचा) मोह सगळ्यांना होतो. २०२१ मध्ये येल विद्यापीठाच्या गटाने १९१ जणांच्या चाचणीवर ती पद्धत आणि नेहमीचं रिग्रेशन (अंदाजाची जुनी सांख्यिकी पद्धत) शेजारी ठेवून पाहिलं. दोन्हींचे अंदाज बेताचेच निघाले. तुमच्याकडे ४० रुग्ण आणि अंदाजासाठी १२ घटक असतील तर मॉडेल करूच नका. जुना ठोकताळा असा की एका घटकामागे किमान १० बरे झालेले आणि १० न झालेले रुग्ण हवेत, आणि आज तोही अपुरा मानतात.

त्याऐवजी एक वही ठेवा. पहिल्या भेटीनंतर आणि चौथ्या आठवड्यानंतर प्रत्येक रकान्याची शक्यता आकड्यात लिहा, उदाहरणार्थ ०.७. निकाल लागला की यश १, अपयश ० धरून फरकाचा वर्ग करा: यश आलं तर ०.०९, नाही आलं तर ०.४९. डोळे मिटून कायम ०.५ लिहिणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. वीस-पंचवीस रुग्णांनंतर तुमची सरासरी त्याच्या वर, म्हणजे त्याहून वाईट, असेल, तर स्वतःच्या आकड्याऐवजी चाचण्यांतलं निम्म्याचं प्रमाणच रुग्णाला सांगा: ‘तुमच्यासारख्या दहांपैकी पाचजणांचं थांबतं, चार आठवड्यांनी मी हा आकडा बदलून सांगेन.’