पिल्लू सापाला खाऊ घालताना या चुका टाळा

गणपती झाले की मला दर वर्षी तेच फोन येतात. ‘दादा, पिल्लाने उंदीर बाहेर टाकला.’ ‘दादा, पंधरा दिवस झाले, तोंडच लावत नाही.’ मी पहिला प्रश्न विचारतो, वजन किती? पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, ‘हातात घेतल्यावर तर बरं वाटतं.’

हाताला काही कळत नाही. ८० ग्रॅमचं पिल्लू ७० ग्रॅमवर आलं तर तो फरक कुणाच्याही तळहाताला समजणार नाही, पण सापाच्या अंगातला आठवा हिस्सा गेलेला असतो.

हे सगळं बॉल पायथन या आफ्रिकेतल्या छोट्या अजगराबद्दल आहे, कारण मुंबईत फोन येतात ते बहुतेक त्याचेच. धामण, दिवड, मांडूळ, आपला अजगर, कुठलाही देशी साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तसा साप कुणी पाळला असेल तर साप कसा खाऊ घालावा याचा सल्ला मी देत नाही, वनखात्याला कळवायला सांगतो. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्सच्या, म्हणजे वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२४ च्या नियमांनुसार त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ती आधी करा, काटा मग विकत घ्या.

काटा म्हणजे स्वयंपाकघरातला साधा डिजिटल, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. झाकणाचा डबा ठेवायचा, आकडा शून्य करायचा, पिल्लू अलगद आत सोडायचं. मी खाऊ घालायच्या दिवशी, खायच्या आधीच वजन करतो. खाल्ल्यानंतरचं वजन फसवं असतं. तसंच पिल्लाने विष्ठा टाकली की आकडा एकदम खाली येतो, त्याला वजन घटलं म्हणत नाहीत. माझ्याकडे यासाठी वेगळं कालनिर्णय आहे. चौकटीत निळ्या पेनाने वजन, खाली भक्ष्याचं वजन, कात टाकली तर ‘का’, विष्ठा टाकली तर ‘वि’. नाकारलं तर लाल फुली. महिनाभराचं पान भिंतीवर समोर असलं की निम्मी घबराट तिथेच विरते.

खाल्लेलं बाहेर टाकणं

मुलुंडचा एक कॉलेजातला मुलगा. पिल्लू ९२ ग्रॅमचं, छान खाणारं. या वयात भक्ष्य सापाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवं, म्हणजे इथे नऊ ते चौदा ग्रॅम. दुकानात त्या दिवशी लहान उंदीर नव्हते, म्हणून याने २४ ग्रॅमचा पूर्ण वाढलेला उंदीर दिला. पिल्लाने तो गिळला, आणि याला वाटलं, बरं झालं, दोन आठवड्यांची सोय झाली.

दुसऱ्या दिवशी घरात गणपती. आरतीला आलेल्या भावंडांना साप बघायचा होता. पोटात एवढा मोठा गोळा असलेलं ते पिल्लू सात-आठ मुलांच्या हातांतून फिरलं. रात्री हॉलमध्ये माणसं झोपलेली, म्हणून एसी २२ वर. आणि मखराच्या माळेसाठी एक्स्टेन्शन बोर्डवर जागा नव्हती, तेव्हा कुणीतरी हीट मॅटचा, म्हणजे सापाला ऊब देणाऱ्या विजेच्या चटईचा, प्लग काढला आणि माळेचा लावला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरभर वास. साप ठेवायच्या टबमध्ये अर्धवट विरघळलेला, केस गळालेला उंदीर, आणि पिल्लू कोपऱ्यात मान वर करून. मुलाला वाटलं, पोट रिकामं झालं, भूक लागली असेल. त्याच संध्याकाळी त्याने दुसरा उंदीर दिला. तोही दोन दिवसांनी बाहेर आला. मग मला फोन. मी गेलो तेव्हा काट्यावर ७४ ग्रॅम होते. पाठीचा कणा त्वचेखालून दोरीसारखा दिसत होता.

सापाचं पोट बाहेरच्या उष्णतेवर चालतं. उष्णता मिळाली नाही तर पचन थांबतं, आणि भक्ष्य आतल्या आत सडू लागतं. ते पोटात राहिलं तर साप मरेल, म्हणून तो ते बाहेर टाकतो. त्यासोबत पाचक रस जातात, अन्ननलिका भाजल्यासारखी होते. दोन जेवणांच्या मध्ये पायथनचं आतडं आकसलेलं असतं, भक्ष्य आत गेल्यावर ते पुन्हा वाढतं, आणि यात साप बरीच शक्ती खर्च करतो. ही सगळी मेहनत वाया गेल्यावर लगेच दुसरं भक्ष्य देणं हा त्या जिवावर अन्याय आहे. पहिल्या उलटीने पिल्लू सहसा दगावत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या उलटीने दगावतं. ती दुसरी उलटी आपल्या काळजीने होते, म्हणून मला या चुकीचा सर्वांत जास्त राग येतो.

आम्ही काय केलं ते सांगतो. चौदा दिवस काहीही दिलं नाही, फक्त स्वच्छ पाणी. गरम बाजू ३२ अंश, थंड बाजू २६-२७, मॅटला तापमान ठरल्या अंशावर राखणारा थर्मोस्टॅट, आणि दोन्ही बाजूंना लपायला घट्ट बसेल अशी जागा. टबावर चादर. पंधराव्या दिवशी चार ग्रॅमचं पिंकी, म्हणजे केस न आलेलं उंदराचं पिल्लू. मग आठ दिवस थांबून पुन्हा चार ग्रॅम, नंतर सहा. पिल्लू परत ९२ वर आलं तेव्हा जानेवारी संपत आला होता.

तेव्हापासून मी खाऊ घातलं की टबाच्या झाकणावर कागद चिकटवतो: ‘गुरुवारपर्यंत हात लावायचा नाही.’ सगळे ४८ तास सांगतात, मी पिल्लांना तीन पूर्ण दिवस देतो. पाहुणे आले तर पाहुण्यांनी बाहेरून बघावं. आणि ‘मुंबईत एवढं उकडतं, हीट मॅट कशाला’ म्हणणाऱ्यांनी एसीच्या खोलीत रात्री तीन वाजता टबमध्ये थर्मामीटर ठेवून बघावा.

खात नाही म्हणून मागे लागणं

बॉल पायथन उपास करतो. नवीन घरात आल्यावर, डोळे दुधी-निळसर होऊन कात टाकायच्या बेतात असताना, कधी काहीच कारण न दिसता. वजन जागेवर असेल तर मी काहीच करत नाही. नवीन आणलेल्या पिल्लाला पहिले सात दिवस उंदीर दाखवायचाही नाही, हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी तिसऱ्या दिवशी फोन येतो. नाकारलं की पुढचा प्रयत्न आठवड्याने. रोज संध्याकाळी चिमट्यात उंदीर धरून तोंडासमोर नाचवलात तर पिल्लू उंदरालाच घाबरायला शिकतं.

माझी पद्धत अशी: गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यायचा, मग पिशवीत बंद करून गरम पाण्यात, डोकं जरा जास्त कोमट राहील असा. पायथन ऊब ओळखतो, गार उंदीर त्याच्या लेखी दगड असतो. मायक्रोवेव्ह नको, उंदीर आतून शिजतो आणि फुटतो. रात्री दहानंतर, दिवे मालवून, लांब चिमट्याने. नाही घेतला तर दोनेक तासांत उचलून टाकायचा, आपल्या हवेत तो सकाळपर्यंत टिकत नाही आणि पुन्हा गोठवायचा तर अजिबात नाही. हे सगळं ओट्यावर करू नका, भांडी वेगळी ठेवा. उंदरांत आणि सापांत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आणि घरात लहान मूल असतं.

जबड्यात बोट घालून भक्ष्य ढकलायचे व्हिडिओ बघून कुणी ते करू नये. ते काम डॉक्टरांचं, आणि तेही शेवटचं.

लवकर मोठा करण्याची घाई

वर्षभरात एक किलोचा झाला पाहिजे, असं म्हणून दर चार दिवसांनी खाऊ घालणारे भेटतात. साप वाढतो, पण चरबीने. यकृतावर चरबी साचते आणि ते बाहेरून दिसत नाही. दिसतं ते हे: कुशीत वळला की कातडीला वळ्या, स्वस्थ पसरला असतानाही खवल्यांमधली त्वचा ताणलेली. पाठ थोडी उतरती, कणा जेमतेम जाणवणारा, ही निरोगी अंगकाठी. पिल्लाला सात दिवसांनी एकदा, अर्ध्या किलोच्या पुढे दहा ते चौदा दिवसांनी आणि वजनाच्या हिशेबाने कमी, एवढं पुरतं. मोठा व्हायला तीन-चार वर्षं लागतात. लागू द्यावीत.

बाकीच्या थोडक्यात. चिकनचे तुकडे नको, हाडं नाहीत म्हणजे कॅल्शियम नाही. पिंजऱ्यात सापडलेला घरचा उंदीर नको, त्याच्या पोटात विष असू शकतं. जिवंत उंदीर टबमध्ये सोडून झोपायला जाऊ नका, मी पाठ कुरतडलेला साप पाहिला आहे. नागपंचमीला शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या तर हात जोडून नाही म्हणा, दूध सापाला पचत नाही. पावसाळ्यात टबमधला भुसा ओला राहिला तर बदला, वजन नीट असूनही छातीचा संसर्ग होतो.

कालनिर्णयच्या पानावर लागोपाठ तीन आकडे उतरते दिसले, एकूण घट दहा टक्क्यांच्या वर गेली, दुसऱ्यांदा उलटी झाली, किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेताना बुडबुडे दिसले, तर थांबू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आजच शोधून ठेवा, रात्री अकराला सापडत नाही. जाताना पिल्लू कापडी पिशवीत, पिशवी डब्यात, बाहेर टाकलेला उंदीर वेगळ्या बंद पिशवीत, आणि भिंतीवरचं ते पान काढून सोबत न्या.