गुंतवणुकीसाठी देश निवडताना तुलना कशी करावी

‘व्हिएतनाम बरा की मेक्सिको?’ असा प्रश्न घेऊन बैठक बसली की तासन्‌तास चर्चा होते आणि निर्णय काही होत नाही, कारण प्रश्नच अर्धा असतो. आधी कागदावर चार गोष्टी लिहा: काय बनवणार, कुठे विकणार, किती पैसा घालणार आणि तो किती वर्षांत परत हवा. अमेरिकेला मोटारीचे सुटे भाग पुरवायचे असतील तर मेक्सिकोची लगतची सीमा हा मोठा फायदा. मेक्सिकोतल्याच ग्राहकाला विकायचं असेल तर सीमेला महत्त्व नाही, लोकांची खरेदीची ऐपत बघावी लागते. खाणकाम असेल तर देशांची यादी भूगर्भानेच करून ठेवलेली असते. इथे विचार थेट गुंतवणुकीचा आहे, म्हणजे कंपनीत किमान १० टक्के मताधिकार घेऊन केलेल्या गुंतवणुकीचा. शेअर विकून बाहेर पडता येतं, कारखाना उचलून नेता येत नाही.

आकडे घेताना पहिली चूक होते ती परकीय गुंतवणुकीची एकाच वर्षाची आवक पाहण्यात. एखादी मोठी कंपनी विकली गेली की त्या वर्षीचा आकडा फुगतो. म्हणून अंक्टाडच्या (संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकासविषयक संस्था) जागतिक गुंतवणूक अहवालातून पाच वर्षांची सरासरी काढा, आणि नवे प्रकल्प व कंपन्यांची खरेदी हे दोन रकाने वेगळे ठेवा. सगळी आवक खरी नसते, हेही ध्यानात असू द्या. जगातली जवळपास ४० टक्के थेट गुंतवणूक फक्त कागदावर असलेल्या रिकाम्या कंपन्यांतून नुसती फिरते, असा अंदाज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मासिकात २०१९ मध्ये मांडला गेला होता. चिमुकल्या लक्झेंबर्गच्या नावावर तेव्हा सुमारे ४ लाख कोटी डॉलर होते. कोणत्या देशात व्यवसाय करणं किती सोपं, हे सांगणारी जागतिक बँकेची ‘डूइंग बिझनेस’ क्रमवारी आकड्यांतल्या गडबडीमुळे सप्टेंबर २०२१ मध्ये बंद झाली, तरी सादरीकरणांत ती अजून दिसते. दिसली की काढून टाका. तिच्या जागी आलेल्या ‘बी-रेडी’च्या २०२४ च्या पहिल्या आवृत्तीत फक्त ५० अर्थव्यवस्था आहेत, त्यामुळे तुमच्या यादीतले देश त्यात आहेत का ते आधी बघा.

आता चाळणी. बऱ्याच कंपन्या दहा-बारा निकषांना गुण देतात, त्यांना भारांक लावतात आणि बेरीज करून क्रमांक काढतात. ही पद्धत घातक आहे. नफा देशाबाहेर नेताच येत नसेल, तर स्वस्त मजूर आणि चकचकीत बंदर यांचे गुण मिळून ती उणीव भरून काढू शकत नाहीत. म्हणून काही प्रश्नांना गुण नकोत. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर हवं. ‘नाही’ आलं की देश यादीतून बाद.

पहिला प्रश्न मालकीचा: तुमच्या व्यवसायात परकीय कंपनीला हवा तेवढा हिस्सा घेता येतो का? इंडोनेशियाने २०२१ मध्ये जुनी निषिद्ध यादी मोडीत काढून बरीच क्षेत्रं खुली केली, पण काही क्षेत्रांत अटी राहिल्या. दुसरा प्रश्न पैसा बाहेर नेण्याचा. अर्जेंटिनात २०११ पासून वेगवेगळ्या काळात चलन नियंत्रणं होती. नायजेरियात विमान कंपन्यांचे तिकीट विक्रीचे पैसे अडकून पडले होते. कायद्याने परवानगी आणि बँकेत डॉलर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरा प्रश्न तंट्याचा: तिथल्या सरकारशी वाद झाला तर कुठे जाणार? भारत, ब्राझील आणि व्हिएतनाम हे जागतिक बँकेच्या इक्सिड या लवाद केंद्राचे सदस्य नाहीत. मेक्सिको २०१८ मध्ये झाला. भारताच्या २०१६ च्या नमुना गुंतवणूक करारानुसार (इतर देशांशी करार करताना आधाराला घ्यायचा मसुदा) लवादाकडे जाण्याआधी पाच वर्षं देशातल्या न्यायव्यवस्थेत दाद मागावी लागते, आणि जुने अनेक करार भारताने त्यानंतर रद्द केले. तुमच्या देशाशी करार आज लागू आहे का, हे करारपत्रातूनच तपासा.

चौथा प्रश्न आयात शुल्काचा, आणि इथे सर्वाधिक फसगत होते. ‘मुक्त व्यापार करार आहे’ एवढं ऐकून समाधान मानू नका, माल कोणत्या देशाचा मानायचा हे ठरवणारे उगमाचे नियम वाचा. व्हिएतनाम आणि युरोपीय संघाचा करार १ ऑगस्ट २०२० पासून लागू आहे. पण कपड्यांवर सवलत हवी असेल तर कापडही व्हिएतनाममध्ये किंवा युरोपीय संघात विणलेलं लागतं, दक्षिण कोरियाचं कापड काही अटींवर चालतं. कापड चीनमधून आणून नुसती शिलाई केली तर पूर्ण शुल्क भरावं लागतं. मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडाच्या करारात प्रवासी मोटारीसाठी ७५ टक्के मूल्य त्याच प्रदेशातलं हवं. कच्च्या मालाची यादी समोर ठेवून प्रत्येक वस्तूचा उगम लिहा आणि मगच सवलत हिशेबात धरा.

चाळणीतून दोन-तीन देश उरले की देशपातळी सोडून थेट जागेवर उतरा. खर्च देशाचा नसतो, औद्योगिक वसाहतीचा असतो. मजुरीत किमान वेतन धरू नका, कामगारामागे पडणारा पूर्ण खर्च काढा. इंडोनेशियात सणाआधी एक महिन्याचा पगार बोनस म्हणून देणं बंधनकारक आहे. ब्राझीलमध्ये तेरावा पगार आहे. मेक्सिकोत करपात्र नफ्याचा १० टक्के वाटा कामगारांना द्यावा लागतो, त्याला कमाल मर्यादाही आहे. वीजदरासोबत खंडित पुरवठ्याचा हिशेब मागा: वर्षात किती वेळा आणि एकूण किती तास वीज गेली. २०२३ च्या मे-जूनमध्ये उत्तर व्हिएतनाममधल्या कारखान्यांना उष्णतेच्या लाटेत वीज कपात सोसावी लागली, तर दक्षिणेत परिस्थिती बरी होती. एकाच देशात एवढा फरक पडतो.

वेळेलाही किंमत आहे. पाच कोटी डॉलर गुंतले असतील आणि भांडवलाचा खर्च (म्हणजे त्या पैशावर वर्षाला मोजावं लागणारं व्याज किंवा परतावा) १२ टक्के असेल, तर परवान्यांत गेलेल्या एका वर्षाची किंमत साठ लाख डॉलर. मजुरीतली बचत एवढी आहे का, ते ताडून बघा.

मग चलन. समजा, पहिल्या देशात स्थानिक चलनात वर्षाला १८ टक्के परतावा आहे आणि चलन डॉलरच्या तुलनेत दरवर्षी ८ टक्के उतरतं. शंभराचे ११८ होतात, त्यांची डॉलरमधली किंमत १०८.५६. दुसऱ्या देशात परतावा १२ टक्के आणि घसरण २ टक्के: शंभराचे १०९.७६. पाच वर्षांनी पहिल्याचे सुमारे १५१ होतात, दुसऱ्याचे १५९. वरवर मोठा दिसणारा परतावा मागे पडला. आणि ही घसरण कधीच अशी सरळ रेषेत होत नाही. मार्च २०२४ मध्ये इजिप्तचा पौंड एका दिवसात डॉलरला सुमारे ३१ वरून ५० च्या आसपास गेला. म्हणजे जवळच्या पौंडांची डॉलरमधली किंमत सुमारे ३८ टक्क्यांनी खाली आली. म्हणून हिशेब दोनदा करा: एकदा सरासरी घसरणीने, एकदा तिसऱ्या वर्षी ३० ते ४० टक्क्यांचा धक्का धरून. अशा धक्क्याआधी दिसणाऱ्या खुणा साध्या असतात: परकीय गंगाजळी तीन महिन्यांच्या आयातीपेक्षा कमी, अल्प मुदतीचं परकीय कर्ज जास्त, आणि डॉलरच्या सरकारी व खुल्या बाजारातल्या दरात वाढत जाणारं अंतर. नायजेरियात जून २०२३ मध्ये डॉलरचे वेगवेगळे दर एकत्र केले त्याआधी हे अंतर उघड दिसत होतं.

करसवलती सगळ्यात शेवटी. सवलत नसेल असं धरून प्रकल्प तोट्यात जात असेल तर तो सोडून द्या, कारण सवलत देणारं सरकारच ती काढून घेऊ शकतं. ७५ कोटी युरोपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय कंपनी-समूहांसाठी तर १५ टक्के जागतिक किमान कराच्या नियमामुळे कर-सुट्टीचा बराच फायदा ओसरला आहे. व्हिएतनामने हा नियम २०२४ पासून लागू केला.

धोरण बदलाचा धोका मोजताना ‘राजकीय स्थैर्य’ असा मोघम शब्द लिहू नका, कोणता बदल कोणाला लागला ते लिहा. भारताने २०१२ मध्ये पूर्वलक्षी कर, म्हणजे आधी होऊन गेलेल्या व्यवहारांवरही लागणारा कर आणला आणि तो मागे घ्यायला २०२१ उजाडलं. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून निकेलचं कच्चं खनिज निर्यात करायला बंदी घातली. खनिज विकणाऱ्याचा धंदा बसला, तर तिथेच भट्टी उभारणाऱ्याला स्वस्त माल मिळाला. धोरण एकच, पण तुम्ही साखळीत कुठे उभे आहात त्यावर परिणाम ठरला.

शेवटी, तिथे आधीपासून असलेल्या कंपन्यांना भेटा. ‘वातावरण कसं आहे?’ विचारलं तर छान छान उत्तरं मिळतात. तारखा विचारा. मागचा लाभांश बाहेर पाठवायचा अर्ज कोणत्या दिवशी दिला आणि डॉलर कोणत्या दिवशी जमा झाले? मूल्यवर्धित कराचा परतावा किती महिने थकलाय? वर्षभरात शंभरातले किती कामगार सोडून गेले? सरकारी गुंतवणूक कार्यालयाने गाठ घालून दिलेल्या कंपन्यांपुरतं थांबू नका. जी कंपनी तिथून निघून गेली तिला शोधा. तिच्याकडे एक तास बसलात तर अहवालांत न सापडणाऱ्या गोष्टी कळतात.

दोन देश अगदी जवळ आले तर कोणती एक गोष्ट बदलल्याने निकाल उलटतो ते शोधा. बहुधा ते चलन असतं किंवा परवान्यांचा वेळ. तेवढ्याच मुद्द्यावर आणखी महिनाभर काम करा. तरीही कोडं सुटत नसेल तर जमीन विकत न घेता तयार गाळा पाच वर्षांच्या भाडेकराराने घ्या, करारात मधेच सोडण्याची अट घाला, आणि मोठी यंत्रं पहिला लाभांश खरोखर मायदेशी पोहोचल्यावर मागवा.