नळाचा कुड घालायचाय? मग कोयत्याआधीची ही तयारी

सोसायटीच्या बागेत किंवा शाळेच्या आवारात नळाचा, म्हणजे तलावाकाठी वाढणाऱ्या उंच, पोकळ दांड्याच्या गवताचा, मातीने लिंपलेला आडोसा (कुड) उभारायचा असेल, तर काम फेब्रुवारी ते मे एवढ्यातच बसवावं लागतं. पावसाळ्यात नळ हिरवा आणि आतून ओला असतो, शिवाय त्यात जांभळ्या पाणकोंबड्यांची घरटी असतात. थंडी सरता सरता पानं गळतात, दांडा पिवळा पडतो आणि वाकवला की कट्‌कन मोडतो. तो कापायचा, आणि मृग लागण्याआधी कुडाचं लिंपण खडखडीत वाळलेलं हवं. इथे ठाण्यात पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात जातो, त्याच्याशी घासाघीस चालत नाही.

कोयत्याला धार लावण्याआधी परवानगीचं बघा, कारण यातच सगळ्यात जास्त दिवस जातात. तलाव महापालिकेचा आहे की सिडकोचा, हे आधी शोधा आणि लेखी परवानगी घ्या. नळाच्या शेजारी तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, असतील तर बेत सोडून द्या. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखीव आहे, आणि ठाणे खाडी तर २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. खाडीकाठी नुसता विळा घेऊन उभं राहिलात तरी लोक विचारतील, आणि विचारायलाच हवं.

मग रोप ओळखा. अमेरिकेत ग्रेट लेक्सच्या काठी माजलेला नळ युरोपातून गेलेला आहे. कॅलिफोर्नियाच्या नद्यांत घुसलेला अरुंडो डोनॅक्स, म्हणजे नळासारखाच दिसणारा त्याचा थोराड भाऊबंद, तर जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. तिकडे तो समूळ काढणं हेच उद्दिष्ट. आपल्याकडचा नळ मात्र इथलाच, फक्त सांडपाण्यावर पोसून माजलेला. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ पाहून तलावात जेसीबी उतरवू नका. आलटूनपालटून पट्टे कापा, मधले उभे ठेवा. हिवाळी पाहुणे बोरू वटवटे त्यातच असतात. नळाशेजारी चपट्या, स्पंजासारख्या पानांचं पाणकणीस दिसेल. ते कुडाला कामाचं नाही, पण उष्णता अडवायला उत्तम. जर्मनीत फ्राउनहोफर या संशोधन संस्थेत त्याची पानं मॅग्नेसाइट या खनिजाने बांधून भिंतीचे बोर्ड करून पाहिलेत.

कुठून कापायचं हेही आधी ठरवा. नळाचा दांडा पोकळ असतो आणि चिखलातल्या कंदांना हवा त्यातूनच पोचते, अगदी वाळक्या दांड्यातूनसुद्धा. म्हणून पाण्याच्या वर वीतभर ठेवून कापलं तर नळ पुन्हा फुटतो, पाण्याखाली कापलं तर कंद गुदमरून मरायला लागतात. नळ पुन्हा हवा त्या पट्ट्यात पाण्याच्या वर कापा, हटवायच्या पट्ट्यात पाण्याखाली. तुरे आधी खुडून गोणीत भरा, नाहीतर टेम्पोतून नेताना बी रस्ताभर उडेल. कंद मात्र उपटून घरी आणू नका. त्यांच्या तुकड्यातून नवं रान उभं राहतं, आणि सांडपाण्यातले जड धातूही मुळाकंदांतच जास्त साठतात. पानांची धार ब्लेडसारखी असते, तेव्हा हातमोजे, लांब बाह्या आणि गमबूट हवेतच.

कापलेल्या जुड्या बांधून उभ्या वाळवा, आडव्या रचल्या की तळाला बुरशी धरते. वाळल्यावर किडीसाठी बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवून पुन्हा वाळवा. हे क्षार पावसात धुऊन जातात, म्हणून कुड छपराखालीच हवा. सामान साधंच: उभे बांबू, आडव्या कामट्या, बांधायला काथ्या, लिंपायला माती, शेण आणि भाताचं तूस. ठाण्यालगतच्या येऊरच्या आदिवासी पाड्यांवरच्या जाणत्या बायकांना बोलवा. कारवीच्या काठ्यांचा कुड त्यांच्या हातचा असतो, नळ त्याहून हलका एवढाच फरक. त्यांची मजुरी आधी ठरवा आणि गवंड्याइतकीच द्या. तळाला विटांचा हातभर जोता घ्या, म्हणजे वाळवी आणि पागोळ्यांचे शिंतोडे दोन्ही लांब राहतील.

नळाने छप्पर शाकारायचा मोह होईल. माझ्या मते सोसायटीत तो नको. युरोपात असं छप्पर पंचेचाळीस अंशांचा उतार आणि फूटभर जाडी देऊन करतात, तेव्हा कुठे पंचवीस-तीस वर्षं टिकतं. आपल्या दमट हवेत तो हिशोब धरू नका. आगीचा धोका वेगळाच. कुडातून वायर नेऊ नका, स्वयंपाकाच्या बाजूला तो घालू नका, लिंपण दोन्ही बाजूंनी करा. उघडा नळ दिवाळीच्या रॉकेटला काडेपेटीइतकाच सोपा जातो. दोन-चार जुड्या आणि पोतंभर माती कोरड्या जागी शिल्लक ठेवा, कारण पहिल्या पावसाळ्यानंतर कोपऱ्यांचं लिंपण निघतंच.